धडक देऊन गाडी पळाली, तर दावा कोणावर?

(समुदाय रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तुमच्या बैठकांनी निवडला. अंजनगाव सुर्जी तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून मी गावोगाव फिरते. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, ठरावावर सह्या झाल्या, की मग बाया मोकळ्या बोलतात. गेल्या वर्षभरात त्या मोकळ्या बोलण्यात एक गोष्ट परत परत आली. घरच्या माणसाला कोण्या गाडीनं उडवलं आणि गाडीवाला थांबलाच नाही. किंवा थांबला, गोड बोलला, फोन नंबर दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेना.

आपले रस्ते तुम्हाला मी काय सांगू! अकोटहून अंजनगाव, पुढं पथ्रोट, परतवाडा, इकडं दर्यापूर. शकुंतला बंद पडली तेव्हापासून माणूस काय अन् माल काय, सगळं डांबरीवरच. केळीचे ट्रक, संत्र्याचे ट्रक, कापसानं फुगलेल्या गाड्या, मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. आणि त्यातूनच दिवेलागणीला वावरातून घरी येणारी आपली माणसं, कोणी पायी, कोणी मोटरसायकलवर.

अशा अपघातानंतर मला हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "नंबरच नाही पाहिला तं दावा कोणावर करावं बाई?"

तर ऐका. नंबर पाहिला नसला तरी दावा होतो. गाडी कधीच सापडली नाही तरी होतो. मोटार वाहन कायद्यात अशा अज्ञात गाडीच्या धडकेसाठी वेगळी भरपाई आहे. ती पूर्वी फार थोडी होती, मृत्यू झाला तर २५,००० आणि गंभीर दुखापत झाली तर १२,५००. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये झाली. यासाठी आपला स्वतःचा विमा असायची गरज नाही. पायी चालणाऱ्या माणसालाही ती लागू आहे, सायकलवाल्यालाही, वावरातून डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या बाईलाही. आणि यात चूक कोणाची होती हे सिद्ध करत बसावं लागत नाही. अपघात अज्ञात गाडीनं झाला आणि त्यात जीव गेला किंवा गंभीर दुखापत झाली, एवढं दिसलं पाहिजे.

मग हे पैसे लोक घेतात का? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोरच आला होता. १२ जानेवारी २०२४ ला न्यायालयानं निकाल दिला, त्यात आकडे आहेत. २०२२ या एका वर्षात देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात झाले. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली अर्ज किती आले? २०५. मंजूर झाले ९५. मी हा आकडा एका ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितला तर एक आजीबाई म्हणाल्या, "दोनशे पाच हजार म्हणतं का वो?" नाही आजी, नुसते दोनशे पाच. पैसा ठेवलेला आहे आणि मागायला माणूस येत नाही.

न्यायालयानं मग पोलिसांना सांगितलं की, अपघाताची नोंद झाल्यापासून एका महिन्यात गाडीचा पत्ता लागला नाही, तर ठाणेदारानं जखमी माणसाला किंवा मृताच्या वारसाला या योजनेची माहिती लेखी द्यायची. अर्ज कोणाकडं करायचा, त्या अधिकाऱ्याचा पत्ताही द्यायचा. हे लक्षात ठेवा. महिना उलटला आणि असं पत्र आलं नाही, तर ठाण्यात जाऊन ते पत्र मागा. त्यात उपकार काही नाही.

आता मी जिथं जास्त वेळ घालवणार आहे तो भाग. माझ्या पाहण्यात दावा बुडतो तो कचेरीत नाही, तर पहिल्या रात्री दवाखान्याच्या टेबलावर.

आमच्या एका गटातल्या ताईचा मालक अकोट रोडनं येत होता. मागून पिकअप गाडीनं ठोकलं आणि गाडी अंधारात निघून गेली. मांडीचं हाड मोडलं. भावकीतल्या शहाण्या माणसांनी सल्ला दिला, "पोलिसांच्या लफड्यात कायले पडता? सांगा गाडीवरून पडले म्हणून." दवाखान्यात तसंच सांगितलं आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं, मोटरसायकल घसरून पडल्याने दुखापत. झालं! आता त्या कागदाप्रमाणे दुसरी गाडीच नव्हती. ऑपरेशनसाठी ताईनं गटातून कर्ज उचललं. दर महिन्याला हप्ता घेऊन येते बिचारी, एकही चुकवलेला नाही. म्हणजे बघा, जे ५०,००० मागण्याचा हक्क होता ते मागितले नाहीत, आणि गटाचे पैसे व्याजासहित फेडणं चालू आहे. पुढं दुधाचा कॅन घेऊन मागून येणारा माणूस साक्षीला तयार झाला, त्याच्या जबाबावर तक्रार नोंदली गेली, अर्जही गेला. पण केसपेपर एक सांगतो आणि तक्रार दुसरं, त्यामुळं चौकशीत प्रश्नावर प्रश्न. खरं तेच पहिल्या रात्री सांगितलं असतं तर एवढं ओढाताणीत पडलं नसतं.

म्हणून दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, रस्ता अपघात आहे, अनोळखी गाडीनं धडक दिली. अमुक ठिकाणी, अमुक वेळी. डॉक्टर त्याची एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. तिला घाबरायचं कारण नाही. आपण गुन्हेगार नाही, आपल्याला लागलेलं आहे. केसपेपर हातात आला की कोणाकडून तरी वाचून घ्या. "पडल्याने" लिहिलं असेल तर तिथंच बोला. दुसऱ्या दिवशी नाही, तिथंच. अंजनगावच्या ग्रामीण रुग्णालयातून अमरावतीला इर्विनमध्ये पाठवलं, तर पुढच्या कागदावरही तेच कारण आलं का ते पाहा. आणि डिस्चार्जच्या वेळी दुखापत गंभीर की साधी हे कागदावर काय लिहिलं ते विचारा. हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं, डोळ्याची नजर जाणं, कानाचं ऐकणं जाणं हे कायद्यानं गंभीर दुखापतीत धरलेलं आहे.

खर्चाबद्दल एक माहिती. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ता अपघातातल्या जखमींसाठी बिनपैशाच्या उपचाराची योजना लागू झाली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा उपचार, नेमून दिलेल्या रुग्णालयात. धडक देणारी गाडी सापडली नसली तरी चालते. रुग्णालय त्या यादीत आहे का हे १०८ च्या गाडीत बसतानाच विचारून घ्या. ज्यांनी जखमीला उचलून आणलं त्यांनाही सांगा की थांबा, पाणी प्या, भिऊ नका. मदत करणाऱ्या माणसाला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, असा कायदाच आहे. आपल्याकडं लोक जखमीला पाहून पुढं निघून जातात ते दगडाच्या काळजाचे असतात म्हणून नाही, पोलिसांची भीती असते म्हणून.

आता पोलीस ठाणं. ११२ ला फोन केला तर त्याची वेळ नोंदली जाते, हा त्याचा मोठा फायदा. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. अपघात दर्यापूरच्या हद्दीत झाला आणि तुम्ही अंजनगावात आहात, तरी अंजनगावचं ठाणं "तिकडं जा" म्हणून परत पाठवू शकत नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. नोंदच घेतली नाही तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

तक्रारीत काय सांगायचं? जे दिसलं तेवढंच, पण सगळं. नंबर पूर्ण दिसला नसेल, नुसतं एमएच २७ किंवा एमएच ३० दिसलं असेल, शेवटचे दोन आकडे दिसले असतील, तरी सांगा. रंग, मागच्या फाळक्यावर काय लिहिलं होतं, माल काय होता, कोणत्या दिशेनं गेली. रस्त्यावर काचेचा तुकडा, दिव्याची कड, आरशाचा भाग पडला असेल तर उचलू नका, मोबाइलनं फोटो काढा आणि पंचनाम्यात घ्यायला लावा. वाटेत पेट्रोल पंप, जिनिंग, मोठं दुकान असेल तर तिथं कॅमेरा असतो. पण तिथलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पोलिसांना त्याच दिवशी लेखी सांगा की अमुक पंपावरचं चित्रण घ्या. मुंबईत वरळीला ७ जुलै २०२४ ला पहाटे मासे घेऊन स्कूटरवर घरी निघालेल्या कोळी नवरा-बायकोला मोटारीनं उडवलं, बाईला फरफटत नेलं, चालक पळाला. दोन दिवसांत तो सापडला, कारण तिथं पावलोपावली कॅमेरे आणि साऱ्या राज्याची नजर. आपल्या पांदणीच्या फाट्यावर ती नजर नाही, म्हणून आपणच डोळे उघडे ठेवायचे.

मध्येच एक गैरसमज. पळून गेलेल्या चालकाला आता दहा वर्षांची सजा होते, असं बरेच जण सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या, आठवतं ना? तो याच कलमावरून. १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला तेव्हा ते दहा वर्षांचं उपकलम लागू न करता बाजूला ठेवलं. निष्काळजीपणानं जीव घेतल्याचं पाच वर्षांपर्यंतचं कलम आहे, आणि अपघातानंतर जखमीला मदत न करता पळणं हा मोटार वाहन कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. पण सजेचं काय व्हायचं ते होईल, भरपाईचा अर्ज त्याच्यासाठी थांबवून ठेवू नका.

गाडी सापडली नाही, तर अर्ज जातो महसूल खात्याकडं. पुष्कळ जणी इथं चुकून विमा कंपनीच्या एजंटाकडं जातात. चौकशी अधिकारी असतात उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार, म्हणून पहिल्यांदा तहसील कचेरीत विचारा. सोबत तक्रारीची प्रत, पंचनामा, दुखापतीचा दाखला किंवा मृत्यू असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला, जखमीचं आणि अर्जदाराचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसहित पोहोच घ्या, कारण पुढचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत. चौकशी अधिकाऱ्यानं एका महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरीचा निर्णय करायचा, त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे खात्यात. नियमात हे असं लिहिलेलं आहे. कचेरीत गेल्यावर "कधी होईल साहेब?" असं विचारण्यापेक्षा "साहेब, महिना झाला, अहवाल गेला का?" असं विचारा. फरक पडतो.

एक हमीपत्रही भरून द्यावं लागतं. पुढं कधी ती गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाकडून मोठी भरपाई मिळाली, तर ही रक्कम त्यातून वळती होते. ते वाचून बिचकू नका.

आता दुसरा प्रकार. गाडीवाला माहीत आहे पण तो दाद देत नाही. मला विचाराल तर आपल्याकडं हाच प्रकार जास्त. निंदणाला बाया घेऊन जाणाऱ्या ऑटोला एका मोटारीनं ठोकलं. चालक उतरला, हात जोडले, "ताई, पोलिसात नका जाऊ, सगळा खर्च मी करतो." दोन हजार हातावर ठेवले, नंबर दिला. चार दिवस फोन लागला. पाचव्या दिवशी म्हणाला, चूक ऑटोवाल्याची होती. विम्याचा कागद मागितला तर म्हणतो, "तुम्हाले कायले देऊ?" तोवर ऑटो दुरुस्त झालेला, रस्ता धुतलेला, पंचनामा कशाचा करणार?

दोन हजार नाकारा असं मी म्हणत नाही. दवाखान्याला पैसे लागतात. पण पैसे घेतले म्हणून तक्रार थांबवू नका. "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका, कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नाही. आणि त्याच्याकडून विम्याचा कागद मिळालाच पाहिजे असंही नाही. गाडीचा नंबर पुरेसा आहे. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. विमा कंपनीचं नाव आणि मालकाची माहिती पोलिसांकडून, आरटीओकडून मागता येते, ती देणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. गाडी कोण चालवत होतं हे मालकाला पोलिसांना सांगावं लागतं. शिवाय पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो. २०२२ पासूनचा नियम आहे. "अहवाल पाठवला का, त्याची प्रत द्या" एवढं विचारा, मग गाडीवाल्याच्या हातापाया पडायची पाळी येत नाही.

न्यायाधिकरणातला दावा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर असतो. चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम घ्यायची असेल तर मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, अशी कायद्यात तरतूद आहे. चूक दाखवून, कमाई किती होती ते दाखवून जास्तही मागता येतं. बाईची कमाई म्हणजे शून्य असं लिहू देऊ नका. गटाच्या वहीतली बचत, शेळ्या, शिवणाचं काम, मजुरी, हे सगळं पुराव्यात येतं, आणि घरकामालाही न्यायालयं मोल देतात. अर्जाची मुदत कायद्यात सहा महिन्यांची घातली आहे. वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं आणि मग बघायचं, असं करू नका. दावा आपण राहतो त्या हद्दीच्या न्यायाधिकरणातही करता येतो.

वकिलाचं काय? तायांनो, बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा. "एवढे टक्के दे" म्हणून दवाखान्याच्या दारात भेटणारे काही जण असतात, त्यांच्याकडं कागद देण्याआधी हा फोन करून पाहा.

आता जिचं स्वतःचं वाहन आहे तिच्यासाठी. काही गटांनी माल न्यायला छोट्या चारचाकी घेतल्या आहेत, म्हणून सांगते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर तो आपल्यामुळं दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. पळून गेलेल्या गाडीनं आपला दरवाजा चेपला, काच फोडली, तर त्यातून दमडी मिळत नाही. त्याला फुल विमा लागतो. फुल विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोटो काढा, आणि कंपनीचा सर्वेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करू नये असं माझं मत, कारण दावा केला की पुढच्या वर्षीची हप्त्यातली सूट जाते. कंपनीनं विनाकारण अडवलं तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, मग १५५२५५ वर विमा नियामकाकडं.

जुनी गाडी घेतली असेल तर विशेष लक्ष द्या. आरसी नावावर झाली, पण विमा आधीच्याच मालकाच्या नावावर, असं मी किती ठिकाणी पाहिलं! विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा नावावर करायला अर्ज करायचा असतो. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

आणखी एक कागद घरातच पडलेला असतो आणि कोणी उघडून पाहत नाही. मोटरसायकलच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, हप्ता भरताना तो घेतला असेल तर. गाडी मालकाच्या नावावर आणि त्याच्याकडं चालू लायसन पाहिजे. धडक देणारा सापडो न सापडो, हा दावा आपल्याच कंपनीवर असतो. विधवा झालेली बाई तेराव्यानंतर २ लाखांसाठी कचेऱ्या फिरते आणि १५ लाखांचा कागद देव्हाऱ्यामागच्या पिशवीत असतो. तो कागद काढून त्यावर मालक-चालक अपघात विमा, इंग्रजीत पीए लिहिलेलं असतं, त्याच्यापुढं रक्कम आहे का ते पोरांकडून वाचून घ्या.

शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. मृत्यूसाठी २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. आणि वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, १८ ते ७० वयाच्या खातेदारासाठी. अपघाती मृत्यूला २ लाख, बँकेत लवकरात लवकर, ३० दिवसांत कळवायचं. आपल्या बहुतेक गटांनी तिचा फॉर्म भरलेला आहे, पण ३१ मे च्या आसपास खात्यात २० रुपयेही शिल्लक नव्हते म्हणून काहींचा हप्ता कटलाच नाही, आणि त्यांना ते माहीत नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं आणि घरच्या माणसाचं, अशी दोन्ही पासबुकं भरून आणा. ती ओळ आपण तिथं बसूनच शोधू.